बंदूक, भंगार आणि कलम ४५

जयपूरच्या उत्तरेला, सीकरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र पसरले आहे. आतल्या रस्त्यांना क्रमांक आहेत आणि पत्ता विचारला की लोक क्रमांकानेच सांगतात. तारा, केबल, पंप, ओतीव सुटे भाग, शेतीची अवजारे असे नाना तऱ्हेचे उद्योग इथे आहेत. त्यांच्याबरोबर भंगार वितळवून सळ्या आणि पट्ट्या काढणाऱ्या भट्ट्या व रोलिंग मिलही आहेत. भट्टीला कच्चा माल म्हणून जे लोखंड लागते ते खाणीतून येत नाही. ते मोडलेल्या जहाजांतून, जुन्या मोटारींतून, पाडलेल्या पुलांतून येते. गेल्या दोन-तीन दशकांत ते परदेशांतील रणभूमींवरूनही आले आहे. जगात कुठे युद्ध संपले की त्याचा शेवटचा हिशेब अशाच एखाद्या वसाहतीत, वजनकाट्यावर होतो.

या शेवटच्या हिशेबाकडे आपले प्रशासन एकाच प्रश्नाच्या चष्म्यातून पाहते: यात स्फोटक आहे का? प्रश्न रास्तच आहे. ३० सप्टेंबर २००४ रोजी गाझियाबादजवळ साहिबाबादच्या एका पोलाद कारखान्यात आयात भंगारातील जिवंत तोफगोळ्यांचा स्फोट होऊन दहा कामगार मरण पावले. त्यानंतर देशभर भंगाराच्या ढिगांची झडती सुरू झाली. तुकडे न केलेले भंगार आयात करायचे असेल, तर ते स्फोटकमुक्त असल्याचे तपासणी प्रमाणपत्र माल जहाजावर चढण्यापूर्वीच घेणे बंधनकारक झाले. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० सापडले, एकाचा बळी गेला आणि किरणोत्साराच्या तपासणीचा आग्रह वाढला. मरणारे सगळे हातावर पोट असणारे लोक होते. त्यामुळे या निर्बंधांविषयी माझी काहीही तक्रार नाही. ते आणखी काटेकोर असायला हवेत.

परंतु दुसरा प्रश्न कोणीच विचारत नाही. या ढिगात असे काही आहे का, जे वितळवल्यावर पुन्हा कधीच मिळणार नाही?

मला हा प्रश्न पडला तो एका लहानशा वस्तूमुळे. काही वर्षांपूर्वी विश्वकर्मा परिसरातील एका भंगार व्यापाऱ्याने टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली एक चपटी पत्र्याची कुपी माझ्या हाती दिली. तिला मधोमध पडदा होता आणि वर दोन फिरकीची झाकणे होती. प्रत्येक कप्प्यावर एकेक रशियन अक्षर उमटवलेले होते. व्यापाऱ्याला ती जुन्या शिवणयंत्राच्या तेलाची वाटत होती. प्रत्यक्षात ती सोव्हिएत सैनिकाच्या रायफलीबरोबर दिली जाणारी तेलाची कुपी होती. एका कप्प्यात तेल आणि दुसऱ्यात अल्कलीयुक्त द्रावण भरले जाई. त्या काळच्या काडतुसांतील स्फोटटोपीत असे क्षार असत की, गोळी झाडल्यानंतर नळी धुतली नाही तर काही दिवसांत आतून गंज चढे. तेलाआधी ते क्षार काढणे आवश्यक होते, म्हणून दोन कप्पे. रसायनशास्त्राची मर्यादा आणि तिच्यावर सामान्य शेतकरी-सैनिकाला झेपेल असा काढलेला तोडगा, दोन्ही त्या पत्र्यात दिसत होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून बोलके साधन क्वचितच मिळते.

परदेशांत या वस्तूंचा पद्धतशीर अभ्यास करणारे संग्राहक आहेत. त्यांची आवड आपल्याकडे विक्षिप्त वाटेल, पण तिच्यामागचे शास्त्र समजून घेण्याजोगे आहे. १८९१ मध्ये रशियाने स्वीकारलेली मोसिन रायफल आणि तिचा १९३० चा सुधारित नमुना यांचे उत्पादन काही कोटींच्या घरात गेले. तुला आणि इझेव्स्क हे तिचे दोन प्रमुख कारखाने. दुसरे महायुद्ध संपल्यावर सोव्हिएत शस्त्रागारांनी या लाखो रायफली गोळा केल्या, सुट्या केल्या, तपासल्या. झिजलेल्या नळ्या व दस्ते बदलले, धातूवर नवा काळा मुलामा दिला, लाकडावर लाखेचे रोगण चढवले. ज्या रायफलीला जो बोल्ट बसला त्यावर त्या रायफलीचा क्रमांक नव्याने उमटवला आणि जुना क्रमांक एका रेघेने खोडला. मग घट्ट ग्रीसमध्ये बुडवून, पेट्यांत भरून, पुढच्या महायुद्धाची वाट पाहत त्या ठेवून दिल्या. ते युद्ध आले नाही. सोव्हिएत संघच १९९१ मध्ये विसर्जित झाला. गोदामे रिकामी करणाऱ्या उत्तराधिकारी देशांनी हा साठा व्यापाऱ्यांना विकला. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अशी रायफल पट्टा, संगीन, काडतुसांच्या पिशव्या, साफसफाईची हत्यारे आणि ती दोन तोंडांची कुपी यांसह शंभर डॉलरच्या आत मिळत असे.

संग्राहक तिच्याकडे पाहतो तो दस्तऐवज वाचावा तसा. चौकोनात तिरकी रेघ अशी खूण असेल, तर ती शस्त्रागारात दुरुस्त झालेली. क्रमांकाच्या अंकांचे वळण एकसारखे नसेल, तर बोल्ट मूळचा नव्हे. १९४२ चे साल असेल तर धातूवर कानशीचे व कातकामाचे ओरखडे तसेच राहिलेले दिसतात; कारण त्या वर्षी गुळगुळीतपणासाठी वेळ नव्हता. तुलाच्या कारखान्यातील यंत्रसामग्री जर्मन सैन्य जवळ आल्याने आदल्या हिवाळ्याच्या तोंडावर पूर्वेकडे हलवावी लागली होती. फिनलंडच्या सैन्याची खूण असेल, तर तीच रायफल एकदा शत्रूच्या हाती पडून उलट्या दिशेने वापरली गेली. दुरुस्तीने मूळ वस्तू ‘बिघडते’ असे मानणारे संग्राहक आहेत. मला ते पटत नाही. खोडलेला क्रमांक हासुद्धा पुरावाच आहे. आपल्या दप्तरांतील फेरफार नोंदी आपण खोडाखोड म्हणून फेकून देत नाही, त्यांतूनच जमिनीचा इतिहास वाचतो.

या छंदाचा एक धागा थेट भारतापर्यंत येतो आणि तो आपल्याला फारसा ठाऊक नाही. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्याने १९६० च्या दशकात, चीनशी झालेल्या युद्धाच्या छायेत, जुन्या .३०३ एन्फील्डच्या धर्तीवर ७.६२ मिलिमीटर काडतुसाची बोल्ट रायफल बनवली. स्वयंभरण रायफली पुरेशा संख्येने तयार होईपर्यंतची ती बेगमी होती. पुढे त्यांतील कित्येक रायफली अतिरिक्त साठा म्हणून परदेशी विकल्या गेल्या. आज अमेरिकेतील संग्राहक ईशापूरच्या रायफलीची वर्षे, शिक्के आणि दस्त्याला चीर पडू नये म्हणून मारलेला आडवा स्क्रू यांविषयी हिरिरीने चर्चा करतात. १९६२ च्या धक्क्यातून देश कसा सावरला, याचा हा लोखंडी पुरावा परक्या देशात काळजीपूर्वक नोंदला जातो आणि स्वदेशात मात्र तो किलोच्या भावाने मोजला जातो.

आता आपल्या कायद्याकडे वळू. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचे लष्करी काडतूस झाडू शकणारी बोल्ट रायफल प्रतिबंधित बोअरमध्ये गणली जाते आणि तिचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. आपल्याकडे .३१५ बोअर रूढ झाला तो याचमुळे. लष्करी काडतूस त्यात बसत नाही. १९८० च्या दशकापासून खासगी व्यक्तींना बंदुका आयात करणे, काही अपवाद सोडले तर, बंद आहे. थोडक्यात, सोव्हिएत काळातील रायफल सामान्य भारतीय नागरिकाला कायदेशीरपणे बाळगता येत नाही आणि माझ्या मते येऊही नये. मात्र पुरावस्तू म्हणून तिला संरक्षण मिळेल म्हणावे, तर १९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षे पूर्ण झाल्याशिवाय वस्तूकडे पाहतच नाही. १९४३ ची रायफल २०४३ मध्ये पुरावशेष होईल. ईशापूरच्या रायफलीला १९६० च्या दशकातील पिढीची पणतवंडे म्हातारी होईपर्यंत थांबावे लागेल. तोवर ती एक तर शस्त्र आहे किंवा भंगार.

अमेरिकेत पन्नास वर्षे जुन्या बंदुकीला ‘दुर्मीळ व स्मरणीय’ असा वेगळा वर्ग आहे आणि संग्राहकाचा स्वतंत्र परवाना आहे. ब्रिटनने २०२१ मध्ये कालबाह्य काडतुसांची यादी आणि १ सप्टेंबर १९३९ ही निर्मितीची मर्यादा घालून पुरातन बंदुकीची व्याख्या पक्की केली. यांपैकी अमेरिकेचा नमुना आपण डोळे झाकून नाकारावा. ज्या देशात शाळकरी मुलांना गोळीबारापासून लपण्याच्या कवायती कराव्या लागतात, त्याच्याकडून बंदूकधोरण शिकण्याची आवश्यकता नाही.

संग्रहाच्या बाजूने लिहिताना संग्राहकाच्या वेशात कोण कोण वावरते, हेही सांगितले पाहिजे. राजस्थानला याचा अनुभव कटू आहे. लष्करात ‘सेवेबाहेरच्या नमुन्याची’ शस्त्रे म्हणून एक प्रकार असतो. जप्त झालेली, परदेशी बनावटीची, सैन्याच्या उपयोगाची नसलेली अशी शस्त्रे जबलपूरच्या आयुध भांडारातून अधिकाऱ्यांना अल्प किमतीत वैयक्तिक वापरासाठी दिली जात. मूळ कल्पना सन्मानाची होती. परंतु २००७ च्या सुमारास उघडकीस आले की, श्रीगंगानगर भागातील शस्त्रविक्रेत्यांमार्फत अशी शस्त्रे चढ्या भावाने खासगी हातांत जात होती. प्रकरण जनहित याचिकेद्वारे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि लष्करी चौकशीत सत्तरहून अधिक अधिकाऱ्यांची नावे आली. ज्यांना रायफल स्मृतिचिन्ह म्हणून मिळाली होती, त्यांच्यापैकी काहींनी तिला हुंडी मानले.

आमची सनदी सेवाही सोवळी नाही. २०१७ मध्ये राजस्थानच्या दहशतवादविरोधी पथकाने अजमेरमधील शस्त्रविक्रेत्यांचा माग काढताना जम्मू-काश्मीरमधून वाटल्या गेलेल्या बनावट परवान्यांचे जाळे उघड केले. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास हाती घेतला तेव्हा संशयाच्या कक्षेत २.७८ लाखांहून अधिक परवाने आले आणि जिल्हा दंडाधिकारी म्हणून काम केलेल्या अधिकाऱ्यांपर्यंत चौकशी गेली. परवान्याच्या फायलीवर स्वाक्षरी करताना अर्जदाराच्या ‘जिवाला धोका’ या शब्दांचा खरा अर्थ ‘लग्नाच्या वरातीत मिरवायला’ असा असतो, हे मी स्वतः वर्षानुवर्षे पाहिले आहे. बंदूक आपल्याकडे प्रतिष्ठेचा दागिना आहे. तिला ‘वारसा’ म्हटले की दागिन्याला सोन्याचा मुलामा चढतो, एवढेच.

महाराष्ट्रातील वाचकाला तर सोव्हिएत घराण्याच्या रायफलीची ओळख संग्रहालयातून झालेली नाही. १९९३ मध्ये रायगड किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडी इथे उतरलेल्या खेपांमधून ती झाली. मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात एके-५६ हा शब्द घराघरांत पोचला. डिसेंबर १९९५ मध्ये पुरुलियाच्या शेतांवर विमानातून बल्गेरियात भरलेल्या एके रायफलींच्या पेट्या पडल्या. शीतयुद्धाचा अतिरिक्त साठा कोणत्या वाटांनी हिंडू शकतो, याचे ते प्रात्यक्षिक होते. आणि २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या रेल्वे स्थानकात त्याच घराण्याच्या रायफलीसमोर .३०३ घेऊन उभे राहिलेले पोलीस आपण पाहिले. या पार्श्वभूमीवर ‘सोव्हिएत रायफलींचा संग्रह’ हे शब्द कोणा पोलीस अधीक्षकाच्या कानी पडले, तर त्याचा हात टेलिफोनकडे जाणे स्वाभाविक आहे.

म्हणून माझी मागणी चालू बंदुकांविषयी नाही. ज्या बंदुका कायमच्या मुक्या केल्या आहेत किंवा काळाने मुक्या झाल्या आहेत, त्यांच्याविषयी आणि ज्यांच्यातून गोळी सुटूच शकत नाही अशा पट्टे, पिशव्या, कुप्या, नोंदपत्रे यांच्याविषयी आहे. हा प्रश्न आजच का उपस्थित करायचा, याला कारण २०१९ ची दुरुस्ती.

डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने शस्त्र कायदा दुरुस्त करून एका व्यक्तीकडील बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. मूळ विधेयकात तर एकच होती. चर्चेनंतर दोन झाली. राजस्थान व पंजाबातील लोकप्रतिनिधींनी परंपरेचा मुद्दा मांडला होता. पण वारशाने आलेल्या बंदुकांनाही दोनचीच मर्यादा लागू झाली. जास्तीची शस्त्रे वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती. संख्या कमी करण्याचा हेतू मला मान्य आहे. खंत वेगळी आहे. एवढी मोठी जमवाजमव होणार हे ठाऊक असूनही जमा होणाऱ्या वस्तूंकडे जाणत्या नजरेने पाहण्याची व्यवस्था कायद्याने सांगितली नाही. एखाद्या ठिकाण्याच्या वाड्यातून आलेली तोड्याची बंदूक, पहिल्या महायुद्धात संस्थानी फौजेबरोबर गेलेल्या पणजोबांची रायफल आणि मागील दशकात विकत घेतलेली कारखानी दुनळी, तिन्ही नोंदवहीत सारख्याच एका ओळीत येतात.

मालखान्याची, म्हणजे आपल्याकडच्या मुद्देमाल खोलीची, तपासणी हा जिल्हा प्रशासनातील कंटाळवाण्या कामांपैकी एक भाग. मी जितक्या खोल्या पाहिल्या तितक्यांत दृश्य एकच. दोरीने बांधलेल्या बंदुकांच्या मोळ्या, गंजामुळे एकमेकींना चिकटलेल्या नळ्या, वाळवीने खाल्लेले दस्ते आणि दोऱ्याला लटकणाऱ्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांवरची पुसट शाई. ‘एक जुनी टोपीदार बंदूक, नादुरुस्त’ यापलीकडे वर्णन नसे. नळीवर कारखान्याचा शिक्का आहे का, क्रमांक आहे का, दस्त्यावर पलटणीचे नाव कोरले आहे का, हे पाहण्याचे काम कोणाचेच नव्हते. विल्हेवाटीचा आदेश निघाला की शस्त्रे कापून वितळवली जातात आणि नोंदवह्या मुदत संपली की दप्तर छाटणीत जातात. वस्तू एका दाराने, तिची जन्मपत्रिका दुसऱ्या दाराने. सोव्हिएत शस्त्रागाराने निदान नवा क्रमांक टाकताना जुना वाचता येईल असा खोडला होता.

गंमत अशी की, १९५९ च्या कायद्याने या अडचणीवरचा मार्ग आधीच ठेवलेला आहे. त्याचे कलम ४५ म्हणते की, कालबाह्य नमुन्याचे, पुरातन मूल्याचे किंवा मोडकळीस आलेले जे हत्यार दुरुस्त करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. पूरक भागांबरोबर वापरण्याचा उद्देश नसेल, तर शस्त्रांचे व दारूगोळ्याचे किरकोळ भाग बाळगण्यालाही तो लागू नाही. विमानतळावर प्रवाशाच्या सामानात एखादे विसरलेले काडतूस सापडले की आरोपीचे वकील याच तरतुदीचा आधार घेतात आणि न्यायालयांनी तो अनेकदा मान्यही केला आहे. म्हणजे संसदेला तिसरा वर्ग ठाऊक होता: शस्त्रही नाही, भंगारही नाही अशी वस्तू.

अडते ते एका साध्या बाबीवर. ‘दुरुस्त करूनही वापरता येणार नाही’ हे ठरवायचे कोणी? व्यवहारात हा दाखला न्यायसाहाय्यक प्रयोगशाळेचा प्राक्षेपिकी तज्ज्ञ देतो आणि त्याच्याकडे बंदूक जाते ती गुन्हा दाखल झाल्यावर. नागरिकाला आपली आजोबांची बंदूक निरुपद्रवी असल्याचे प्रमाणपत्र मिळते, पण बहुधा आरोपी झाल्यानंतर. साहजिकच शहाणा माणूस ती विहिरीत टाकतो किंवा भंगारवाल्याला देतो. त्या कुपीसारख्या, कोणत्याही अर्थाने शस्त्र नसलेल्या वस्तूही याच भीतीपोटी नाहीशा होतात. त्या व्यापाऱ्याला ती रायफलीची आहे असे कळले तेव्हा त्याची पहिली प्रतिक्रिया ती ताबडतोब ढिगात टाकण्याची होती. त्यात त्याचा काय दोष?

वास्तविक, मोठ्या आकाराच्या युद्धसामग्रीबाबत आपण हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. सोव्हिएत बनावटीचे टी-५५ रणगाडे देशातील कित्येक शहरांच्या चौकांत, सैनिकी शाळांच्या पटांगणांत उभे आहेत. मुले त्यांच्या तोफेवर लोंबकळतात. लष्कर ते निकामी करून संस्थांना देते आणि त्याची रीतसर कार्यपद्धती आहे. २०१७ मध्ये दिल्लीच्या एका केंद्रीय विद्यापीठाच्या कुलगुरूंनी विद्यार्थ्यांत देशभक्ती जागवण्यासाठी परिसरात रणगाडा हवा असल्याची इच्छा व्यक्त केली होती. त्यावर बरेच काही बोलले गेले, पण रणगाडा धोकादायक आहे असे कोणी म्हणाले नाही. अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे, जैसलमेरचे युद्ध संग्रहालय २०१५ मध्ये सुरू झाले. छत्तीस टनांचे यंत्र निरुपद्रवी ठरवता येते, मग चार किलोंची रायफल का नाही?

उत्तर असे आहे की, रायफल पुन्हा जिवंत करणे रणगाड्यापेक्षा फार सोपे आहे. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसमध्ये झालेल्या हल्ल्यांत वापरलेली काही शस्त्रे स्लोव्हाकियात निष्क्रिय म्हणून विकली गेलेली होती. नळीत घातलेल्या खिळी काढून ती पुन्हा चालू करण्यात आली होती. त्या वर्षाच्या अखेरीस युरोपीय संघाला निष्क्रियीकरणाचे एकसमान आणि कडक तांत्रिक निकष करावे लागले. आपण तो धडा फुकट घेऊ शकतो. विश्वकर्मा परिसरातील कोणताही कातारी सांगेल की, नळीच्या संपूर्ण लांबीत कठीण पोलादाची सळई वितळजोडाने बसवली, काडतुसाची खोली बुजवली आणि बोल्टचे तोंड तिरके कापले, तर त्या रायफलीला जिवंत करण्यापेक्षा नवी बनवणे सोपे. तोच कातारी हेही सांगेल की, नुसती एक खीळ ठोकली असेल तर ती काढायला दुपारचा चहा येईपर्यंतचा वेळ पुरतो. निकष कायद्याच्या भाषेत न लिहिता लेथवरच्या माणसाला विचारून लिहायला हवेत, असे मला म्हणूनच वाटते.

यापुढे काय करायचे याचा आराखडा फार मोठा नाही. राज्याच्या न्यायसाहाय्यक प्रयोगशाळेने गुन्हा नोंदवल्याशिवाय, ठरावीक शुल्क घेऊन, नागरिकाने स्वतःहून आणलेल्या जुन्या हत्याराची कलम ४५ खाली तपासणी करावी. ते चालू होऊ शकत असेल, तर मालकासमोर दोनच पर्याय असावेत: शासकीय देखरेखीखाली कायमचे निष्क्रिय करणे किंवा जमा करणे. परत घरी नेण्याचा पर्याय नसावा. प्रतिबंधित बोअरची रायफल निष्क्रिय केल्यानंतरही खासगी दिवाणखान्यात जाऊ नये. ती संग्रहालयात, विद्यापीठाच्या इतिहास विभागात किंवा पोलीस प्रशिक्षण संस्थेत जावी. यावर हौशी मंडळी नाराज होतील. त्यांनी पट्टे, पिशव्या, कुप्या, माहितीपुस्तिका जमवाव्यात. त्यांत अभ्यासाला भरपूर वाव आहे. श्रीगंगानगरचा इतिहास पाहता खासगी संग्राहकाच्या शब्दावर याहून अधिक विसंबण्याची माझी तयारी नाही.

दुसरे काम विल्हेवाटीच्या आधीचे. आज विनाशाच्या आदेशावर पोलीस व दंडाधिकारी यांच्या स्वाक्षऱ्या असतात. त्या पंचनाम्यात राज्य पुरातत्त्व खात्याच्या एका प्रतिनिधीची भर घालावी. जयपूरच्या राजवाड्यातील सिलेहखाना किंवा पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय अशा ठिकाणी जुनी हत्यारे हाताळणारे जाणकार आहेत. त्यांना वर्षातून दोन दिवस बोलावणे राज्याला जड नाही. शंभरातील नव्याण्णव नग ते भट्टीकडे पाठवतील. उरलेल्या एकासाठी हा खटाटोप आहे.

आक्षेप येईल की, ज्या राज्यात शाळांची छपरे गळतात तिथे गंजक्या बंदुकांची चिंता ही चैन आहे. अर्थ विभागात बसून मीही असे शेरे लिहिले आहेत. परंतु इथे मागितले जात आहेत ते पैसे नव्हेत. शस्त्रे जमा करण्याचा, साठवण्याचा आणि नष्ट करण्याचा खर्च शासन करतेच आहे. त्या साखळीत पाहणाऱ्या डोळ्यांची एक जोडी वाढवायची आहे. शिवाय यात सुरक्षेचाही लाभ आहे. भीतीपोटी भंगारात गेलेली बंदूक नेहमीच भट्टीपर्यंत पोचते असे नाही; वाटेत एखाद्या कुशल पण गरजू कारागिराच्या हाती ती लागू शकते. नोंद होऊन निष्क्रिय झालेल्या बंदुकीला ती वाट उरत नाही.

दसऱ्याला राजस्थानातील घराण्यांत शस्त्रपूजा होते, महाराष्ट्रात खंडेनवमीला हत्यारांबरोबर कोयता, पाना आणि लेथही पुजला जातो. विश्वकर्मा परिसरातील कारखाने दरवर्षी १७ सप्टेंबरला यंत्रांना हार घालतात. पूजेपुरते आपण हत्याराकडे आदराने पाहतो. त्याच्यावर काय लिहिले आहे ते वाचायचे मात्र राहून जाते.

उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात .३०३ रायफलीला समारंभपूर्वक निरोप दिला. इतर राज्यांच्या शस्त्रागारांतूनही ती टप्प्याटप्प्याने जात आहे. फाळणीच्या दंगली, दरोडेखोरांच्या टोळ्यांवरील मोहिमा, निवडणुकीतील मतदान केंद्रे अशा अनेक ठिकाणी या रायफली उभ्या होत्या. कोणता क्रमांक कोणत्या ठाण्यात होता, हे आज जुन्या वाटप नोंदवह्यांतून जुळवता येते. त्या वह्या छाटणीत गेल्या की येणार नाही. प्रत्येक पोलीस मुख्यालयाने विल्हेवाटीपूर्वी क्रमांक, निर्मितीचे वर्ष, कारखान्याचा शिक्का आणि वाटपाचा तपशील यांची यादी करून ती राज्य अभिलेखागाराकडे पाठवावी. याला कायद्यात दुरुस्ती लागत नाही. गृह विभागाच्या उपसचिवाच्या स्वाक्षरीचे एक पानी परिपत्रक पुरेसे आहे आणि ते या आर्थिक वर्षात निघू शकते.